टाळी आणि तडाखा

शास्त्रातले बहुतेक नियम पुस्तकात राहतात. एखादाच गावात हिंडू लागतो. प्रकाशाच्या अपवर्तनाचा नियम चावडीवर आलेला मी कधी पाहिला नाही. भाऊबंदकीच्या भांडणात कोणी आर्किमिडीजची साक्ष काढीत नाही. न्यूटनचा तिसरा नियम मात्र शाळेचे कुंपण ओलांडून केव्हाच बाहेर पडला. तो आता पारावर बसतो, सभेत बोलतो, वर्तमानपत्रांतून लिहितो. कोठे दंगल झाली, घरे जळली, की कोणीतरी मान हलवून म्हणतो, 'क्रिया झाली, तिची प्रतिक्रिया व्हायचीच!' आणि हे वाक्य तो अशा सुरात म्हणतो, की जणू पुढे विचारण्यासारखे काही उरलेच नाही. पाणी उताराकडे वाहिले, त्यात दोष कोणाचा?

म्हणून हा प्रश्न दिवाळीच्या फराळाबरोबर आपणा वाचकांपुढे ठेवावासा वाटतो: सूडाला खरोखर सृष्टीचा आधार आहे काय?

प्रश्न मोठा आणि विचारणारा लहान. मी वरकुट्याचा. इंदापूर तालुक्यात वरकुटे दोन आहेत, एक खुर्द आणि एक बुद्रुक. त्यांतले माझे कोणते ते सांगत नाही. कारण पुढे जी भाऊबंदकी यायची आहे, ती दोन्हीकडे सारखीच सापडेल. पोटासाठी मी शाळामास्तर आणि हौसेने कादंबरीकार. माझे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेले नाही, तेव्हा भौतिकशास्त्रातला अधिकार मी सांगत नाही. पण बारा-तेरा वर्षांच्या मुलांना बल आणि गती समजावून देणे हे माझे काम आहे, आणि ही मुले असे प्रश्न विचारतात की ते विद्वानांनाही सहज सुटू नयेत.

असाच एक प्रश्न एकदा वर्गात आला. तिसरा नियम फळ्यावर लिहून झाला होता. प्रत्येक क्रियाबलास समान परिमाणाचे, एकाच वेळी घडणारे प्रतिक्रियाबल असते, आणि त्यांच्या दिशा परस्परविरुद्ध असतात. मागच्या बाकावरचा एक पोरगा उठला. त्याच्या घरी काय चालले आहे ते सगळ्या वर्गाला ठाऊक होते. चुलत्याने नांगरताना सामाईक बांध हातभर कोरला. पुढच्या हंगामात याच्या वडिलांनी दोन हात कोरला. मग एके दिवशी कुऱ्हाडीचा दांडा चालला, आणि काही दिवसांनी त्याची परतफेड झाली. दोन घरांतली एकेक व्यक्ती दवाखान्यात जाऊन आली, आणि कोर्टाच्या तारखा सुरू झाल्या. पोरगा म्हणाला, "गुरुजी, मग आमच्या नानांनी त्यांना हाणलं ते नियमानंच झालं की!"

वर्ग हसला, पण तो पोरगा हसत नव्हता. त्याला उत्तर पाहिजे होते. आज ना उद्या तो दांडा त्याच्या हातात यायचा होता, आणि तो घ्यावा की न घ्यावा हे तो आपल्या परीने मला विचारीत होता. त्या दिवशी मुलांना जे सांगितले, तेच येथे थोडे विस्ताराने मांडतो.

पहिली गोष्ट, हा नियम नेमका काय म्हणतो ते पाहू. इ. स. १६८७ मध्ये न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' हा ग्रंथ लॅटिन भाषेत प्रसिद्ध झाला. त्यात या नियमाखाली त्याने दिलेली उदाहरणे अगदी घरगुती आहेत. बोटाने दगड दाबा, दगडही बोट दाबतो. घोडा दोरीने दगड ओढतो, तेव्हा दगडही घोड्याला तितकाच मागे ओढतो. आपल्याकडे मोट चालत असती, तर हे समजायला घोड्याचीही गरज पडली नसती. नाड्याने पाण्याची मोट वर खेचली जाते, तोच नाडा बैलांच्या खांद्यावर आपला भार टाकतो. दोन ताणकाटे एकमेकांत अडकवून दोघांनी दोन बाजूंनी ओढावेत. कोणी कितीही जोर केला तरी दोन्ही काट्यांवर आकडा एकच दिसतो. दिवाळीच्या सुटीत घरातल्या मुलांनी हा प्रयोग जरूर करून पाहावा.

या नियमातल्या दोन खुणा नीट लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

एक खूण अशी, की ही दोन बले एकाच क्षणी असतात. आधी क्रिया आणि मग सवडीने प्रतिक्रिया, असा प्रकार नाही. बोट दगडाला टेकले त्याच क्षणी दगड बोटाला टेकला. खरे म्हटले तर यातली क्रिया कोणती आणि प्रतिक्रिया कोणती हे ठरवणेही आपल्या सोयीचे आहे. सृष्टीला त्यात डावे-उजवे नाही. आता हे सूडाशी ताडून पाहा. बांध कोरला वैशाखात, दांडा चालला दिवाळीनंतर, आणि त्याची फेड झाली पुढच्या पावसाळ्यात. मधले महिने ती प्रतिक्रिया कोठे राहत होती? ती दगडात नव्हती, मातीत नव्हती. ती माणसाच्या मनात राहत होती. तेथे तिला रोज पाणी घातले जात होते. पदार्थ उधारी ठेवत नाही. ज्या क्षणी घेतो त्याच क्षणी देतो आणि मोकळा होतो. उधारीची वही लिहितो तो माणूस. ती वही तो मुलाच्या हवाली करतो, मुलगा नातवाच्या. न्यूटनच्या नियमात या वहीला जागाच नाही.

दुसरी खूण अशी, की ही दोन बले दोन निरनिराळ्या वस्तूंवर काम करतात. म्हणून तर ती एकमेकांना खोडून काढीत नाहीत. नाहीतर उसाची बैलगाडी कारखान्यापर्यंत कधी पोचलीच नसती. बैल गाडी ओढतो, गाडीही बैलाला तितकीच ओढते, मग गाडी हलते कशी, असे मुले हटकून विचारतात. उत्तर बैलाच्या खुरांपाशी आहे. बैल खुरांनी जमीन मागे रेटतो, आणि जमीन बैलाला पुढे रेटते. जमिनीचा हा रेटा गाडीच्या ओढीपेक्षा जास्त झाला, की बैल आणि गाडी दोन्ही पुढे सरकतात.

आता कुऱ्हाडीच्या दांड्याकडे वळू. दांडा पाठीवर बसला. पाठीवरच्या बलाची जोडीदार कोणती? काही दिवसांनी परतफेड म्हणून बसलेला तडाखा? मुळीच नाही. पाठीनेही त्याच क्षणी दांड्याला तितकेच मागे रेटले, आणि तो धक्का दांड्यातून मारणाऱ्याच्या मनगटात गेला. नियमाचा हिशेब तेथेच, त्या क्षणीच पुरा झाला. मारणाऱ्याचा हात झिणझिणला, ही न्यूटनची प्रतिक्रिया. त्यानंतर जे घडले ते माणसांनी केले.

हे मनगट मला तुकोबांपाशी घेऊन जाते. दरवर्षी आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून निघून इंदापूर तालुक्यातून पंढरीला जाते. बेलवडीला गोल रिंगण होते. पालखीबरोबर तुकोबांच्या कथाही आमच्या गावांतून चालत असतात. त्यांतली मंबाजीची कथा ठाऊक नाही असे मराठी घर क्वचितच असेल. मंबाजीने तुकोबांना काटेरी फांदीने झोडपले. रात्री कीर्तनाला मंबाजी आला नाही, तेव्हा तुकोबा स्वतः त्याच्याकडे गेले, आणि मारून मारून तुमचे हात दुखले असतील म्हणून त्याचे अंग चेपू लागले. ही कथा आपण क्षमेची म्हणून ऐकतो, आणि ती क्षमेची आहेच. पण शाळामास्तराच्या कानाने ऐकली, तर तीत आणखी काहीतरी ऐकू येते. मारणाऱ्याचा हातही मार खातो, हे तुकोबांनी ओळखले होते. तेव्हा इंग्लंडात न्यूटन एक तर जन्मला नव्हता, नाहीतर अगदी लहान पोर होता. तिसऱ्या नियमाचे इतके अचूक आणि इतके मायाळू निरूपण मला दुसरीकडे आढळलेले नाही. मंबाजीच्या वाट्याची प्रतिक्रिया मंबाजीच्या हातात आधीच पोचली होती. आता ती वेगळी पोचवण्याची तुकोबांना गरज वाटली नाही.

कोणी म्हणेल, मास्तर, हे शब्दांचे खेळ झाले. न्यूटनचा नियम राहू द्या; पण माणसाचा स्वभावच असा आहे की त्याला मारले तर तो उलट मारतो. तोही एक नियमच नव्हे काय?

येथे 'नियम' हा शब्दच आपल्याला चकवतो. आपण दोन अगदी भिन्न गोष्टींना एकच नाव दिले आहे. सृष्टीचा नियम मोडता येत नाही. म्हणून तो पाळा असे कोणाला सांगावे लागत नाही. रस्त्याच्या डाव्या बाजूने चला हा माणसाचा नियम. तो मोडता येतो, आणि मोडता येतो म्हणूनच तो पाळण्यात काही अर्थ असतो. आता सूड यांपैकी कोणत्या जातीचा? एक साधी कसोटी आहे. वर फेकलेल्या दगडाला खाली येण्याबद्दल कोणी टोमणा मारीत नाही. पण मार खाऊन गप्प बसलेल्या माणसाला पारावरचे लोक विचारतात, 'काय रे, हातात बांगड्या भरल्यात काय?' घरचे बोलतात, पाहुणे बोलतात, प्रसंगी ज्याचा काही संबंध नाही असा चहावालाही बोलतो. प्रतिक्रिया जर खरोखरच अटळ असती, तर तिच्यासाठी इतक्या लोकांना इतका जोर कशाला लावावा लागला असता? सूडाला चिथावणी लागते, एवढ्यावरूनच तो सृष्टीचा नियम नाही हे उघड होते.

आणि स्वभावाविषयी म्हणाल, तर खुद्द न्यूटनचेच पाहा. कलनशास्त्र आधी कोणी शोधले यावरून त्याचा आणि जर्मन पंडित लायब्निझचा मोठा वाद झाला. इ. स. १७१२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने या वादाच्या चौकशीसाठी समिती नेमली. सोसायटीचा अध्यक्ष होता न्यूटन, आणि समितीचा अहवाल, स्वतःचे नाव न घालता, लिहिला तोही न्यूटननेच! १७१६ मध्ये लायब्निझ वारला. पण दहा वर्षांनी, १७२६ मध्ये, 'प्रिन्सिपिया'ची तिसरी आवृत्ती निघाली, तेव्हा तीतून लायब्निझचा आधीचा उल्लेख गाळला गेला. ज्याने जगाला तिसरा नियम दिला, तो आपली उधारीची वही मेलेल्या माणसाच्या नावावरही चालवीत राहिला. यात न्यूटनची थोरवी कमी होत नाही. एवढेच कळते, की नियम माहीत असणे वेगळे आणि मन हलके असणे वेगळे. एक शाळेत शिकता येते. दुसऱ्याची शाळा घरातच भरते.

इथवर सूड घेणाऱ्यांशी बोललो. आता तितकेच स्पष्ट दुसऱ्या बाजूच्या लोकांशी बोलायला हवे. कारण तिसरा नियम तेही वापरतात, फक्त त्यांच्या तोंडी तो म्हणीच्या रूपाने येतो: टाळी एका हाताने वाजत नाही.

किती सहज म्हणतो आपण हे! नवऱ्याच्या माराला कंटाळून मुलगी माहेरी आली, की चार शहाणी माणसे बसतात, दोन्हीकडचे ऐकल्यासारखे करतात, आणि निकाल देतात: टाळी काही एका हाताने वाजत नाही. मुलीने खाली मान घालून परत जायचे. दिसायला हा निकाल समतोल आहे, आणि त्याला पदार्थविज्ञानाचा पाठिंबाही आहे. टाळीत दोन्ही हातांवर सारखेच बल पडते, हे अगदी खरे. पण एक हात पोथीवर स्थिर ठेवा आणि दुसरा वरून जोराने त्यावर आणा. टाळी वाजेलच, आणि दोन्ही तळव्यांवरचे बलही समान असेल. यातला चालून आलेला हात कोणता आणि जागेवर असलेला कोणता, हे त्या समान बलावरून कसे कळणार? नियम त्याविषयी बोलतच नाही. न्याय करायचा असेल, तर तोच प्रश्न पहिला विचारावा लागतो.

आणि चालून कोण आले हे कळले तरी सगळे कळले असे होत नाही. बल समान असले म्हणून भोग समान नसतो. समजा, उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर मालासकट वीस हजार किलोंचा आहे, आणि सायकल व तिच्यावरचा माणूस मिळून ऐंशी किलो. त्यांची धडक झाली, तर ट्रॅक्टरवरचे बल आणि सायकलीवरचे बल तंतोतंत सारखे. परंतु न्यूटनचाच दुसरा नियम सांगतो, की बल तेच असेल तर वस्तुमान जितके कमी, तितका वेगातला बदल जास्त. म्हणजे सायकलीच्या वाट्याला आलेला बदल ट्रॅक्टरच्या अडीचशे पट. ट्रॅक्टरवाल्याला जेमतेम धक्का जाणवतो. सायकलवाल्याचे घर बसते. गळीत हंगामात आमच्या रस्त्यांवर हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना गणिताची आवश्यकता नाही. हातातून सुटलेला बेसनाचा लाडू पृथ्वीला तितक्याच बलाने ओढतो जितक्या बलाने पृथ्वी त्याला ओढते. पण पृथ्वी जागची हललेली कोणाला दिसत नाही, फुटतो तो लाडूच.

गावातही काही माणसे वजनाने पृथ्वी असतात आणि काही लाडू. ज्याच्यामागे जमीन, पैसा, चार भाऊ आणि ओळखीचा फौजदार आहे, तो एक तडाखा खाऊन सहज उभा राहतो. ज्याच्यामागे काहीच नाही, तो त्याच तडाख्याने वर्षभराच्या मजुरीतून उठतो. त्या दोघांना शेजारी उभे करून 'दोघेही सारखेच' म्हणणे म्हणजे तिसरा नियम पाठ करून दुसरा विसरणे होय. शाळेत अशा मुलाला अर्धेच गुण मिळतात. पंचांना मात्र आपण पुरे देतो!

मग दुबळ्याने काय करावे? सोसावे? तसे मी म्हणत नाही. उलट तडाखा देणे आणि मुकाट सोसणे यांच्यामध्ये पुष्कळ जागा आहे, आणि माणसाचे माणूसपण मला त्या जागेतच दिसते. पुण्यात १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. शिकवायला जाणाऱ्या सावित्रीबाई फुल्यांवर लोक शेण फेकीत, आणि त्या एक जादा लुगडे जवळ ठेवीत, असे सांगतात. त्यांनी शेण उलट फेकले नाही, आणि शाळाही सोडली नाही. अंगावर आलेले बल त्यांनी परत केले नाही. आपले बल जेथे लावायचे ठरवले होते तेथेच लावीत राहिल्या. याला दुबळेपणा म्हणण्याची छाती कोणाची आहे?

बांधाची सरकारी मोजणी करून घेणे, पंचांपुढे बोलणे, न जमल्यास कोर्टात जाणे, ही सगळी त्या मधल्या जागेचीच रूपे आहेत. कोर्टाच्या तारखांना आपण हसतो, कंटाळतो, आणि ते अगदीच चूक नाही. पण तडाखा आणि उलट तडाखा यांच्यात अंतर पडावे, त्या अंतरात राग निवावा, कोण चालून आले आणि कोणाचे वजन किती होते हे कोणी तिऱ्हाइताने पाहावे, यासाठीच माणसाने न्यायालय नावाची युक्ती काढली. निर्जीव वस्तूंमध्ये हे अंतर शून्य असते. आपल्यात ते असते, ही आपली मिळकत आहे.

त्या दिवशी मागच्या बाकावरच्या पोराला मी एवढेच सांगितले: "नियमानं जे व्हायचं होतं ते नानांच्या मनगटात झालं, बाळ. बाकीचं नानांनी केलं. आणि जे माणूस करतो, ते तो न करूही शकतो." तो काही वेळ उभा राहिला आणि मग खाली बसला. त्या दोन घरांचा दावा अजून मिटलेला नाही. पण सामाईक विहिरीवर पाण्याच्या पाळीला दोन्हीकडची मुले येतात, आणि एकमेकांना दारे धरायला मदत करतात, हे मी स्वतः पाहिले आहे. त्याचे श्रेय माझ्या तासाला देण्याचा भाबडेपणा मी करणार नाही. मुले मुळातच वहीचे कच्चे असतात. आपण मोठी माणसे त्यांना ती लिहायला शिकवतो.

माझ्या मते सृष्टीच्या नियमाचा दृष्टान्त घ्यावा, त्याची सनद घेऊ नये. दृष्टान्ताने डोळे उघडतात. सनदेने हात मोकळे सुटतात. न्यूटनच्या नियमाने मला कोणाला मारण्याची परवानगी दिलेली नाही, तशी कोणाला क्षमा करण्याची आज्ञाही केलेली नाही. तो फक्त सांगतो, की स्पर्श कधी एकतर्फी नसतो. ज्याला आपण हात लावतो, तो आपल्यालाही हात लावतो. त्या हाताने काय करायचे, हा प्रश्न त्याने आपल्यावर सोपवला आहे, आणि तो आपल्याला सोडवावाच लागेल.

येत्या दोन-चार दिवसांत अंगणात मुले बाण उडवतील. रिकाम्या बाटलीत बाण उभा करतील, वात पेटवून लांब पळतील. दारूचा जळता वायू खाली फेकला जातो, आणि त्याच बलाने बाण वर चढतो. तोच हा तिसरा नियम. याच्याच जोरावर माणूस चंद्रावर गेला. मुलांना तो तेथे दाखवा. शेजारच्या, भाऊबंदांच्या, बोलणे बंद असलेल्या घरांतल्या मुलांनाही बोलवा. आकाशाकडे बघताना कोणाचा बांध कोठे आहे ते दिसत नाही.